बिनवरातीची घोडी

"वरात कुणाची म्हणायची?"

मेंढरांच्या कळपापलीकडून प्रश्न आला आणि त्या माणसाच्या डोक्यात काहीतरी फेकून मारावंसं मला वाटलं. दोन्ही हातांत लगाम होता म्हणून वाचला.

भाद्रपद संपत आला होता. अणदूरहून आमच्या गावाकडे येणारी कच्ची वाट, दोन्ही बाजूंना काढणीला आलेलं सोयाबीन, गवतावर अजून दव… सकाळ इतकी छान होती की मी शेवंतीला जरा लांब फिरवायला काढलं होतं. शेवंती म्हणजे आमची पांढरी घोडी. तेवढ्यात कुठल्याशा वस्तीवर कुणीतरी नवरात्राची तयारी म्हणून हलगी कडाडवली. झालं! बाई जागच्या जागी थांबल्या, मान वाकवली, पुढचा पाय उचलला आणि लागल्या नाचायला. वर मी जीव मुठीत धरून लगाम ओढतेय आणि समोर दीडशे मेंढरं वाट अडवून बघतायत.

"वरात न्हाय ही!" मी ओरडले. "तुमची मेंढरं बाजूला घ्या!"

"घेतो की. पण नवरदेव कुठं दिसंना…"

हसत होता मेला. खांद्यावर घोंगडी, अंगात क्रिकेटचा निळा टी-शर्ट, रंग उन्हानं रापलेला आणि दात… मी काही त्याचे दात बघायला आले नव्हते, पण दिसले.

हलगी थांबली, मी लगाम सैल सोडून श्वास घेतला आणि शेवंतीही थांबली. तो जवळ आला. तिच्या मानेवरून हात फिरवत, माझ्याकडे ढुंकूनही न बघता, त्यानं तिचा मागचा पाय उचलला आणि खूर हुंगला.

"वास मारतोय. पावसाचा चिखल आत सडलाय. रोज साफ करत न्हाय व्हय?"

"करते की," मी धडधडीत खोटं बोलले.

"मी वैजनाथ. आमी नळदुर्गाकडचे, मेंढरं घेऊन तुमच्याच शिवारात उतरलोय. उद्या येतो खूर साफ करायला… तुमाला चालत असंल तर."

"मला काय विचारता? घोडीला विचारा."

"तिनं कवाच हो म्हटलंय," तो म्हणाला आणि मेंढरांमागं निघूनही गेला. मी मात्र घरी येईपर्यंत आपली उगाचच हसत होते.

खरं तर हसण्याचे दिवस नव्हते. शेवंती जाणार होती. दोन वर्षांपूर्वी आप्पांनी तिला हौसेनं आणलं, ती एका बँडवाल्याकडून. वरातीत नाचायला शिकवलेली घोडी. आप्पा तिच्यावर बसून शेताला जायचे, बाजाराला जायचे, भर यात्रेतून जायचे; तिनं कधी ठेका धरला नाही. उन्हाळ्यात आप्पा मोटारसायकलवरून पडले आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला. लगाम माझ्या हातात आला आणि घोडी बिघडली. हलगी वाजली की नाच, डीजे वाजला की नाच. एकदा तर पिठाच्या गिरणीपुढं नाचली. पोरीच्या हाताला घोडी ऐकत नाही, असं सगळ्या गावानं ठरवून टाकलं. शेवटी आप्पांनी कर्नाटकातल्या बसवराज बँडवाल्याला शब्द दिला – दसऱ्याला या आणि घोडी घेऊन जा.

मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी आप्पांसमोर जाऊन उभी राहिले.

"शिलंगणाला मी बसते तिच्यावर. मारुतीच्या देवळापासून शिवेवरच्या आपट्यापर्यंत जाते आणि माघारी येते. एक पाऊल जरी नाचली, तर तिचा दोर मीच बसवराजमामांच्या हातात देते. न्हाय नाचली, तर शेवंती आपली."

आप्पा बराच वेळ गुडघा चोळत बसले. "शिलंगणाला चार-चार हलग्या असत्यात, रंजे."

"माहीत हाय."

"बरं," ते म्हणाले. त्या 'बरं'मध्ये विश्वास काडीचाही नव्हता.

वाटेवरच्या त्या भेटीनंतर दुसऱ्याच दिवशी वैजनाथ खरंच आला. मग रोजच येऊ लागला. सकाळी मेंढरं सोडायच्या आधी तासभर. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं खूर धुवायचा, कोरडा करायचा, मग अंगाला खरारा. तो डावीकडून, मी उजवीकडून. मध्ये घोडीची पाठ, आणि त्या पाठीवरून मधूनच दिसणारे त्याचे डोळे…

"शिवरंजनी," एकदा तो म्हणाला. "लई लांब नाव हाय. हाक मारंपर्यंत माणूस गावाबाहेर जाईल."

"मग मारू नका हाक."

"मारल्याबिगर कसं जमायचं…" एवढं म्हणून तो उगाचच शेपटी विंचरत बसला. कान लाल झाले होते त्याचे. माझेही झाले असणार, पण ते बघायला माझ्याकडं आरसा नव्हता.

खूर बरा झाला. नाच काही थांबेना. घटस्थापनेच्या दिवशी तर शेवंती देवीच्या मिरवणुकीपुढं अशी नाचली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी गोठ्यात येऊन खराऱ्याचा ब्रश भिंतीवर फेकला आणि भोकाड पसरलं. वैजनाथनं ब्रश उचलून खुंटीला अडकवला. समजूत घालायच्या भानगडीत तो पडला नाही, आणि तेच मला आवडलं.

मग त्यानं विचारलं, "आप्पा बसायचे तवा लगाम कसा धरायचे?"

"कसा म्हणजे? धरायचेच न्हाईत. खोगिरावर टाकून द्यायचे. दोन्ही हात तर तंबाखू मळण्यात…"

मी बोलता बोलता थांबले. तो माझ्याकडं बघत होता.

"नाचणारी घोडी लगाम ताणून शिकवत्यात," तो हळू म्हणाला. "बँडवाला लगाम ताणतो नि टाच मारतो, तवा ती पाय उचलती. हलगी वाजली की तुमी भिता. भ्यालात की लगाम ताणता, टाचा आवळता. तिला वाटतंय, मालकीण म्हणतीया नाच. ती बिचारी हुकूम पाळती."

चार महिने! चार महिने मीच तिला नाच म्हणून सांगत होते, वर तिलाच शिव्या घालत होते. मी शेवंतीच्या गळ्यात पडले आणि परत रडले. या वेळी मात्र आनंदानं.

कळणं सोपं असतं हो, हाताला कळायला वेळ लागतो. पुढचे आठ दिवस वैजनाथ रानात तेलाचा रिकामा डबा बडवत शेजारून पळायचा आणि मी हात मोकळे सोडून बसायला शिकायची. भीती वाटली की बोटं आपोआप आवळायची. "रंजनी, हात!" तो ओरडायचा. मी दचकून सोडायची. 'तुमी' कधी गळून पडलं आणि 'तू' कधी आलं, आम्हा दोघांनाही कळलं नाही. आठव्या दिवशी शेवंती डब्याच्या ठणठणाटातून तुरीच्या बांधापर्यंत दुडक्या चालीनं गेली. मी मागं वळून पाहिलं तर हा डबा टाकून दोन्ही हात वर करून एकटाच नाचत होता.

दसऱ्याच्या दुपारी मारुतीपुढं सगळं गाव जमलं. झेंडूच्या माळा, नवे कपडे, कडक ऊन. बसवराजमामा त्यांचा टेम्पो घेऊन आलेच होते. आप्पा काठी टेकून पारावर बसले. मी घोडीवर चढले तशी कुणीतरी म्हणालं, "आता बघा तमाशा!" आणि चारही हलग्या एकदम कडाडल्या.

शेवंतीचे कान मागं वळले. तिला माझ्याकडून हुकूम हवा होता. माझी बोटं… देवाशप्पथ सांगते, माझी बोटं आवळत आली होती. गर्दीत निळा टी-शर्ट दिसला. त्यानं काही म्हटलं नाही. मीच लगाम खोगिरावर टाकला, हात मांडीवर ठेवले आणि जीभ टाळ्याला लावून 'टक' केलं.

ती चालू लागली. हलगीवाले चेव येऊन अगदी तिच्या कानाशी वाजवायला लागले; ती चालतच राहिली. वेशीबाहेर पडताच मी पुढं झुकले आणि शेवंती सुटली. वारा, धूळ, कापलेल्या सोयाबीनचा वास, पांढरी आयाळ माझ्या तोंडावर… मी मोठ्यानं ओरडत होते, काय ते आठवत नाही. आपट्याची फांदी तोडली, वळले, आणि त्याच चारही हलग्यांमधून एकही पाऊल न चुकवता पारापुढं येऊन उभी राहिले.

"आप्पा?"

आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आपली हाय," ते म्हणाले. "घोडी आपली हाय, रंजे!"

मग मी लगाम उचलला. मुद्दाम ताणला, टाच लावली. शेवंतीनं मान वाकवली आणि अशी नाचली, अशी नाचली, की बसवराजमामाच सगळ्यांत आधी शिट्टी मारून बसले. "अय्यो! असली घोडी सोडून जायचं म्हणजे…" म्हणत त्यांनी तिच्या गळ्यात स्वतःच्या हातानं झेंडूची माळ घातली आणि रिकामा टेम्पो वळवला.

सोनं देण्याघेण्याची गडबड उडाली. मी देवाला दिलं, आप्पांना दिलं, आईला दिलं आणि घोडी घेऊन थेट वैजनाथपुढं आले.

"बस," मी म्हणाले. "एक फेरी तुझी. तूच जिंकलीस ही."

तो दोन पावलं मागं सरकला. "मी… न्हाय बसत."

"का?"

"मी घोड्यावर कधी बसलोच न्हाय."

"आणि आठ दिवस मला शिकवत होतास?"

"आमच्यात घोड्यावर बिऱ्हाड असतंय. कोकरं, कोंबड्या, भांडीकुंडी. गडी शेजारून चालतो. घोड्याचा पाय कळतो आमाला, पाठ न्हाय." तो जमिनीकडं बघत होता. "गड्यानं बसायचं ते एकदाच."

"कधी?"

कान पुन्हा लाल. "…लग्नात."

सगळं गाव आजूबाजूला होतं. आप्पा पारावरून बघत होते. मला कशाचीही भीती वाटली नाही.

"मग ही घोडी तुझ्यासाठी राखून ठेवते," मी म्हणाले. "दुसऱ्या कुठल्या वरातीची सुपारी घ्यायची न्हाय."

"आणि… नवरी?"

"वैजनाथ, डोळे फुटले का तुझे? नवरी घोडी धरून समोर उभी हाय!"

तो हसला. ते सगळे दात दिसले आणि या वेळी मी ते मन भरून बघितले. मग तो वळला, थेट पारावर गेला, आप्पांच्या पायावर सोनं ठेवलं आणि हलगी बंद पडावी एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "आप्पा, मला तुमची घोडी एका दिवसासाठी पायजे. आणि रंजनी जन्मभरासाठी!"