दूरपुसणी

दिगंबर पेखळे यांच्या फोनमध्ये अठरा हजार दोनशे सहा छायाचित्रं होती, तीनशे चाळीस ध्वनिफिती, नऊ हजारांवर मेल, दोन पुस्तकं, बुद्धिबळाचा एक खेळ आणि एक मोहोरबंद कप्पा. कप्प्यात चारशे सदतीस नोंदी होत्या.

शलाका नन्नावरेने पडद्यावरचे आकडे पुन्हा एकदा वाचले. कायद्याने तिला एवढंच बघायची मुभा होती. कर्मचाऱ्याच्या फोनमध्ये काय किती आहे ते दिसायचं, आत काय आहे ते नाही. डबे मोजायचे, झाकण उघडायचं नाही.

नाशिकच्या अंबड वसाहतीत झडपा बनवणाऱ्या या कंपनीत प्रत्येक जण स्वतःच्याच फोनवर कंपनीची मेल वापरायचा. मेल पहिल्यांदा जोडताना एक लांबलचक पान उघडायचं आणि त्याखाली ‘मान्य’ असं बटण असायचं. ते पान कुणी वाचल्याचं शलाकाला आठवत नव्हतं. ‘मान्य’ म्हटलं की मेल सर्व्हरला त्या फोनवर एक हक्क मिळे. फोन हरवला किंवा माणूस नोकरी सोडून गेला, तर सर्व्हरवरून आज्ञा जायची आणि फोन जगात कुठेही असला तरी दुकानातून नुकता आणल्यासारखा कोरा व्हायचा. कागदोपत्री त्याला मोठं नाव होतं, पण विभागात सगळे ‘दूरपुसणी’च म्हणत. ती दोन तऱ्हांची होती. अर्धी केली तर फक्त कंपनीचा मजकूर जाई, पूर्ण केली तर सगळंच.

तिने तिच्या वरिष्ठांना, तांबोळींना, फोन लावला.

“सर, पेखळेसरांच्या फोनात मोहोरबंद कप्पा निघालाय.”

“कसला?”

“ते दिसत नाही जी. चारशे सदतीस नोंदी आहेत एवढंच कळतंय.”

“आपल्या झडपांचे आराखडे किती?”

“चारशेच्या आसपास.”

“मग?”

“पेखळेसर तसे नाहीत, सर.”

“अगं, तसा कुणीच नसतो. सातपूरला चाललेत ना? आपल्याच धंद्यात? कप्पा उघडता येत नसेल तर नियम काय सांगतो?”

“पूर्ण पुसणी.”

“तूच सांगतेस बघ. सहा वाजले की कर.”

पेखळे गुणवत्ता तपासणीचे प्रमुख होते. दुपारी त्यांचा निरोप समारंभ झाला, तेव्हा ते प्रत्येकाजवळ गेले, हात हातात घेतला आणि नावाने बोलले. पहारेकऱ्यांपासून मालकांच्या सुनेपर्यंत एकाचंही नाव चुकलं नाही. त्यांची ख्यातीच तशी होती. शलाका चंद्रपूरहून येऊन तीन वर्षं झाली होती आणि या तीन वर्षांत ती बहुतेकांची ‘सर्व्हरवाल्या मॅडम’च राहिली होती. बिनखिडकीच्या थंड खोलीत दिवसभर यंत्रांचा घरघराट ऐकायचा आणि संध्याकाळी एका खोलीच्या घरी जाऊन पंख्याचा. पेखळे मात्र रोज सकाळी दारातून डोकवायचे. अर्धा क्षण बघायचे, आणि मग म्हणायचे, “काय शलाका, बरं आहे ना?” तिने केस खांद्याच्या वर कापले, त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या मुलीनेही तिला ‘कोण हवंय?’ विचारलं होतं. पेखळे अर्धा क्षण थांबले आणि म्हणाले, “शलाका, केस कापलेस! मान हलकी वाटत असेल.”

सहा वाजता तिने बटण दाबलं. फोनकडून उत्तर आलं: पूर्ण. शिल्लक शून्य.

त्यानंतर मिनिटभराने तिच्याच खात्यात एक मेल उतरली. पेखळ्यांनी ती सहाच्या आत पाठवली होती. “शलाका, त्या खोलीत स्वेटर घालून बसत जा. – दि. पे.”

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, ती मखमलाबादच्या रस्त्यावरच्या एका मळ्यात मिसळ खायला गेली. गर्दी इतकी की एका टेबलावर अनोळखी माणसं समोरासमोर बसलेली.

“इथे कुणी आहे का?”

तिने मान वर केली. पेखळे! तोच जाड काळ्या काड्यांचा चष्मा. तिला इतका आनंद झाला की ती नुसतीच हसली आणि मानेनेच ‘नाही’ म्हणाली. ते बसले. त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं, ओळख नसलेल्या बाईकडे बघावं तसं सभ्यपणे, आणि शेव कालवायला लागले.

शलाकाचा घास तोंडातच फिरत राहिला. तीन आठवडे. फक्त तीन. कंपनी सुटली तशी कंपनीतली माणसंही सुटली म्हणायची.

“मॅडम, तो रस्सा जरा इकडे सरकवता?”

“घ्या ना जी,” ती कोरडेपणाने म्हणाली.

पेखळ्यांचा चमचा थांबला. “शलाका?”

तिने पावाचा तुकडा मोडला.

“बोल अजून काहीतरी.”

“काय बोलू?”

“शलाकाच!” त्यांनी मोठा श्वास सोडला. “तुझ्या त्या ‘जी’वरून कळलं. माफ कर गं. मघापासून समोर बसलोय आणि पत्ता नाही.”

“एवढी बदलले मी तीन आठवड्यांत?”

“तू नाही.” त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मला चेहरे कळत नाहीत. नाक दिसतं, डोळे दिसतात, मिशी असली तर मिशी दिसते. पण त्याचा माणूस होत नाही. तुझ्यापुढे दहा विटा मांडल्या आणि सांगितलं, ही वीट म्हणजे सुभान, ही भिका, उद्या रस्त्यात भेटल्या की ओळख. जमेल? माझं जन्मापासून तसं आहे. डॉक्टर चेहराअंधत्व म्हणतात. डोळे ठणठणीत, मेंदूतला तेवढा कोपरा मात्र रिकामा.”

“पण तुम्ही तर सगळ्यांना...”

“हा चष्मा.” त्यांनी काडीवर बोट ठेवलं. “चौकटीत बारीकसा कॅमेरा आहे. माणूस दिसला की फोन त्याचा चेहरा आतल्या मुखठशांशी, म्हणजे साठवलेल्या चेहऱ्यांच्या मापांशी, ताडून बघायचा आणि नाव काडीतून कानामागच्या हाडात सांगायचा. दुसऱ्या कुणाला ऐकू जात नाही. अर्धा क्षण लागतो, बस. अकरा वर्षं एकेक ठसा जमवला. माणूस भेटला, नाव कळलं, टाकला आत. दुसऱ्याचा चेहरा सर्व्हरवर ठेवायला कायद्याची बंदी, म्हणून सगळे फोनमध्येच, मोहोर लावून. नक्कल काढायची सोय नाही. आणि कंपनी सोडली त्या संध्याकाळी फोन कोरा झाला.”

शलाकाने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. गप्प राहणं सोपं होतं.

“चारशे सदतीस,” ती म्हणाली.

“तुला कसं माहीत?”

“बटण मी दाबलं.”

पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पावासाठी ओरडत होतं. पेखळ्यांनी आपल्या पावाचे दोन तुकडे केले, मग चार.

“आराखडे चोरले असं वाटलं?”

“तांबोळीसरांना वाटलं.”

“आणि तुला?”

“मला काहीच वाटलं नाही. नियम होता.”

त्यांनी हळूहळू मान डोलावली. “फोन करून विचारलं असतंस तरी मी खरं सांगितलं नसतं म्हणा. कंपनीची मेल फोनमधून आधीच काढून टाकायला हवी होती. पण सगळ्यांना निरोपाची मेल धाडायची होती ना, नावानिशी.” ते कसंनुसं हसले. “सातपूरला मालकाला तीनदा विचारलं, ‘नवीन आलात का?’ आता तिथे म्हणतात, पेखळे फार शिष्ट आहेत.”

“ठसे परत भरता येतील ना?”

“जिवंत माणसांचे येतील. पण आधी नाव विचारावं लागतं. वीस वर्षं घरी येणाऱ्या माणसाला ‘आपलं नाव काय’ म्हणून विचारून बघ.”

“जिवंत माणसांचे म्हणजे?”

पेखळ्यांनी रश्श्याची वाटी बाजूला सारली. “फोटोवरून ठसा घेता येत नाही. नाहीतर कुणीही कुणाच्याही मागावर जाईल. समोर हलतं-बोलतं माणूस लागतं. कुमुदला जाऊन चार वर्षं झाली. घरी आठ अल्बम आहेत. तिच्या बहिणीच्या मंगळागौरीचा एक फोटो आहे. चष्म्यातून बघायचो तेव्हा त्यात कुमुद होती. आता तेरा बायका आहेत.”

“घरातल्या कुणाला तरी विचारा.”

“काय विचारू? माझी बायको यातली कोणती? कुमुदशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. ती समोरून यायला लागली की खाकरायची, म्हणजे मला कळायचं. सासरच्यांना वाटायचं, पोरीला घशाचा विकार आहे.”

शलाकाला हसू आलं आणि लगेच विरलं. “म्हणजे मलाही रोज सकाळी चष्माच ओळखायचा.”

“नाव चष्मा सांगायचा.”

“तेच म्हणते मी.”

“केस कापलेले चष्म्याला कळत नाहीत, शलाका. त्याला चेहऱ्याशी मतलब. केस मला दिसतात. मला केसच तेवढे दिसतात.”

पुढच्या रविवारी फोटोंतली कुमुद ओळखून द्यायला ती त्यांच्या इंदिरानगरच्या घरी गेली. लग्नाच्या फोटोतली नवरी कोण याबद्दल शंका नव्हती. तो फोटो तिने मिनिटभर पाहिला, मग मंगळागौरीचा उचलला आणि बोट ठेवलं. “डावीकडून चौथी.”

“कशावरून?”

“कशावरून म्हणजे... याच आहेत.”

“मी सव्वीस वर्षं तपासणीत काढली. ‘हीच आहे’ म्हणून कुणी झडप पास करत नाही. माप सांग.”

शलाकाला माप सांगता येईना. आयुष्यभर चेहरे ओळखत आली होती, पण कशावरून ते तिला कधी पाहावं लागलं नव्हतं. ती भिंग घेऊन बसली. कानाची पाळी गालाला चिकटलेली. डावी भुवई शेवटी किंचित खाली उतरलेली. नाक आणि वरचा ओठ यांत अंतर कमी. पेखळे एकेक खूण ऐकत आणि अंगठा आणि बोट यांच्या चिमटीने फोटोवर धरून बघत, एखाद्या सुट्या भागाला मोजपट्टी लावावी तसे.

ती विज्ञानाची पदवीधर होती, तेव्हा चाचणीही तिने रीतसर आखली. अल्बममधल्या फोटोंच्या प्रती काढून केस, साडी, दागिने कापून टाकायचे, फक्त चेहरा ठेवायचा. तीस पत्ते करायचे, पंधरा कुमुदचे आणि पंधरा इतर बायकांचे. मागे पेन्सिलीने खूण. पिसून एकेक पत्ता त्यांच्या हातात द्यायचा आणि त्यांनी फक्त ‘ही’ किंवा ‘नव्हे’ म्हणायचं. दर वेळी फोटो नवे, म्हणजे पत्तेच पाठ व्हायला नकोत.

“नुसता अंदाज ठोकलात तरी पंधराच्या आसपास बरोबर येतील,” ती म्हणाली. “वीस किंवा त्याहून जास्त आले, तर तो योगायोग नाही असं मी मानेन.”

“वीस आले की तुझी सुटका. मग रविवारी झोप काढ.”

शलाका पत्ते पिसत राहिली. सुटकेची तिला घाई नव्हती.

पहिल्या चाचणीत चौदा बरोबर आले. मग सोळा, पुन्हा पंधरा, मग सतरा. मधल्या काळात कंपनीतून आणखी तिघं गेली आणि त्यांतल्या दोघांच्या फोनात मोहोरबंद कप्पे निघाले. शलाकाने बटण दाबण्याआधी दोघांनाही फोन करून सांगितलं, की मेल आजच काढून टाका. तांबोळींना ते कळलं. “तुला पगार फोन करायचा मिळतो का?” ते म्हणाले. तिने फोन करणं सोडलं नाही.

पाचव्या चाचणीच्या रविवारी पेखळ्यांनी चहासुद्धा नंतर घ्यायचा ठरवलं. पत्ते भराभर दोन ढिगांत पडत गेले. ही. नव्हे. नव्हे. ही. तेविसाव्या पत्त्याशी ते थांबले. फोटो कुमुदच्या कॉलेजातला होता, अठरा वर्षांची असतानाचा. गाल भरलेले, भुवया वेगळ्या, आणि कानाची पाळी कात्रीत गेलेली. एकही माप लागत नव्हतं.

“ही हसायच्या बेतात आहे,” ते म्हणाले.

“ते माप नाही.”

“नाही खरं.” त्यांनी पत्ता खिडकीच्या उजेडात धरला, दूर नेला, परत जवळ आणला. त्यांची चिमटी या वेळी उघडली नाही. “पण ही.”

तिने पत्ता उलटा केला. मागे ‘कु’ होतं.

तिसावा पत्ता खाली ठेवल्यावर पेखळे खुर्चीत मागे रेलले. घराच्या मागच्या बाजूला कुणीतरी गाद्या झोडपत होतं. शलाकाने एकेक पत्ता उलटून बरोबरचे एका बाजूला लावले. मग तो गठ्ठा उचलून पहिल्यापासून पुन्हा मोजला.

“किती?” पेखळ्यांनी विचारलं.

“एकोणीस,” शलाका म्हणाली. “एक कमी पडला. पुढच्या रविवारी पुन्हा.”