तेहतिसावं घड्याळ

"थांब! बंद करू नकोस! आधी वाच!" टिकटिक ओरडली.

पण उशीर झाला होता. ढब्बूने सवयीने फुलीवर टिचकी मारली आणि पडद्यावरची लाल पाटी गायब झाली.

"त्यात काय वाचायचंय?" ढब्बू म्हणाला. "साईट उघडत नाही, एवढंच! दुरुस्तीवाल्या दादांनीपण तेच सांगितलं."

टिकटिक सुट्टीसाठी आजोबांकडे आली होती. दिवसभर प्रश्न विचारून भंडावून सोडते म्हणून आजोबांनीच तिला हे नाव ठेवलं होतं. बारा वर्षांचा ढब्बू आणि सहा वर्षांचा शेपूट ही तिच्या काकाची मुलं. मोठी दोघं जातील तिथे मागोमाग जायचं, हे शेपटाचं मुख्य काम. सध्या तिघांचा मुक्काम आजोबांच्या घड्याळदुरुस्तीच्या दुकानात होता. भिंतीवर बत्तीस घड्याळं, आणि एकही मिनिटभरसुद्धा मागेपुढे नाही!

बिघडला होता तो कोपऱ्यातला जुना कॉम्प्युटर. चार दिवसांपासून काही साईट सुरळीत उघडत होत्या आणि काही मेल्या ढिम्म हलत नव्हत्या. न उघडणाऱ्यांत नेमकी आजोबांच्या कामाची साईट होती, जुन्या घड्याळांच्या आतल्या यंत्रांची चित्रं असलेली. पलीकडच्या गल्लीतल्या मुख्याध्यापिका बाईंनी आपल्या आईचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलं होतं. त्याच्या आतल्या यंत्राचं चित्र पाहिल्याशिवाय घड्याळाला हात लावता येणार नव्हता.

दुरुस्तीवाला दादा आला, उभ्या उभ्या दोन बटणं दाबून म्हणाला, "आजोबा, तुम्ही काहीतरी भलतंच दाबून ठेवलंय. नवीनच घ्या आता." काकानेही त्याचीच री ओढली. "बाबा, वय झालं तुमचं. चष्मा कुठे ठेवलाय ते आठवत नाही तुम्हाला! पुरे झालं दुकान. शनिवारी मी खोकी घेऊन येतो, सामान हलवू."

त्या संध्याकाळी आजोबांनी बाईंचं घड्याळ मऊ कापडात गुंडाळून 'परत' असं लिहिलेल्या डब्यात ठेवून दिलं. "आपलंच डोकं चालेनासं झालं की दुसऱ्याच्या जपलेल्या वस्तूला हात लावू नये, बाळ," ते म्हणाले. टिकटिकला ते फार लागलं.

आज शुक्रवार होता. म्हणजे हातात एकच दिवस!

"पुन्हा उघड ती साईट," ती म्हणाली. "आणि पाटी आली की अक्षर न् अक्षर वाच. मोठ्यांपैकी एकानेही ती वाचलेली नाही, पैज लाव!"

पाटी इंग्रजीत होती आणि चांगली लांबलचक होती. ढब्बू डिक्शनरी मांडीवर घेऊन बसला आणि अडखळत अर्थ लावू लागला. "हे पान सुरक्षित... नाही. या साईटचं... ओळखपत्र... अजून लागू झालेलं नाही."

"अजून?" टिकटिकने कान टवकारले. "म्हणजे पुढे कधीतरी होणार? आणि ज्या साईट उघडतात त्यांचं काय?"

दोघांनी वहीत यादी केली. हवामानाचं पान उघडत होतं, रेडिओचं जुनाट पान उघडत होतं. त्यांच्या पत्त्यापुढे कुलपाचं चित्र नव्हतं. न उघडणाऱ्या सगळ्या साईट कुलूपवाल्या होत्या!

"कुलूपवाल्या साईट ओळखपत्र दाखवतात," ढब्बू विचार करत म्हणाला. "आणि कॉम्प्युटर म्हणतो, त्याची तारीख अजून आलीच नाही. पण असं कसं?"

शेपूट नुकताच आकडे वाचायला शिकला होता, त्यामुळे दिसेल तो आकडा वाचत सुटायचा. त्याने पडद्याच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि तिथली तारीख मोठ्याने वाचली. एक जानेवारी, आणि साल चक्क चौदा वर्षांपूर्वीचं!

"ताई," शेपटाचा ओठ थरथरला, "म्हणजे मी जन्मलोच नाहीये?"

"अरे, तूच काय, आम्हीपण नाही!" टिकटिकने आनंदाने उडी मारली. "कॉम्प्युटरचं घड्याळ मागे पडलंय!"

बत्तीस घड्याळांच्या दुकानात पडद्यावरच्या चिमुकल्या घड्याळाकडे पाहणार कोण? टिकटिकने तारीख बरोबर लावली, ढब्बूने पुन्हा टिचकी मारली, आणि यंत्राचं चित्र पडद्यावर झळकलं! आरडाओरडा ऐकून आजोबा धावत आले. चित्र पाहून ते खुदकन हसले. चार दिवसांत पहिल्यांदा!

पण शनिवारी सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर लावला, तर पुन्हा तीच लाल पाटी आणि तीच एक जानेवारी.

आजोबांचा चेहरा पडला. "मीच काल बंद करताना काहीतरी केलं असणार."

"काय केलंत? नीट सांगा ना!" टिकटिक हट्टाला पेटली.

"काय करणार? रोजच्यासारखा मेन स्विच बंद केला आणि घरी गेलो."

"मग वीज नसताना त्याचं घड्याळ चालतं कशावर?"

"सेलवर चालत असेल. सेल संपला की कुठलंही घड्याळ..." आजोबा बोलता बोलता थांबले. त्यांनी टिकटिककडे पाहिलं आणि टिकटिकने त्यांच्याकडे. "अगं, मला आधी कसं सुचलं नाही! ढब्बू, वायर काढ! शेपटा, माझा छोटा स्क्रूड्रायव्हर!"

झाकण निघालं. आत धुळीत, नाण्याएवढा एक गोल सेल बसला होता. आजोबांनी तो चिमट्याने अलगद उचलून तपासायच्या यंत्रावर धरला. काटा जागचा हलला नाही. अगदी तसाच नवा सेल त्यांच्या खणात होता!

तेवढ्यात काका खोकी घेऊन दारात उभा राहिला. मागे कॉम्प्युटर उचलून न्यायला दुरुस्तीवाला दादा.

"बाबा, हे काय उघडून बसलात? आणखी बिघडेल ना!"

"बोलू नकोस," डोळ्याला भिंग लावलेले आजोबा मान वर न करता म्हणाले. "हात हलेल."

काकाने खोकी खाली ठेवली. सेल टक्‌ करून जागेवर बसला. टिकटिकने तारीख लावली आणि मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता काका, तुम्हीच मेन स्विच बंद करा. शंभर आकडे मोजून चालू करा!"

शेपटाने शंभर आकडे मोजले. मध्ये सत्तर दोनदा आलं, पण कुणी हसलं नाही. पडदा उजळला. तारीख आजचीच! साईट उघडली!

"मी तारीख बघितलीच नाही," दुरुस्तीवाला दादा डोकं खाजवत म्हणाला. "आजोबा, चूक माझीच. शाब्बास रे पोरांनो! एवढं बारकाईनं आम्हीपण बघत नाही."

काका आजोबांच्या शेजारी जाऊन बसला. "बाबा, मी उगाच तुम्हाला वाटेल ते बोललो," तो हळूच म्हणाला. आजोबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी टिकटिकला जवळ ओढलं आणि तिला एकटीलाच ऐकू जाईल असं विचारलं, "म्हणजे मी काही विसरलो नव्हतो ना गं?"

"नाही आजोबा. कॉम्प्युटर विसरला होता!"

आजोबांनी भिंग पुसायच्या कापडाने डोळे पुसले. मग उठून 'परत'च्या डब्यातून बाईंचं घड्याळ काढलं. काकाने आणलेल्या खोक्यांचं काय करायचं हा प्रश्न शेपटाने सोडवला. तो त्यातल्या सगळ्यात मोठ्या खोक्यात राहायला गेला.

बुधवारी बाई आल्या. त्यांनी घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटून बराच वेळ ऐकलं आणि तिघांच्याही गालांवरून हात फिरवला. "तुमच्यामुळे माझ्या आईचं घड्याळ चालायला लागलं," त्या म्हणाल्या.

रोज सकाळी दहाला आजोबा भिंतीवरची घड्याळं एकेक करून तपासत. आता टिकटिकही वही घेऊन बरोबर फिरायची. बत्तीस झाली की दोघं कोपऱ्याकडे वळायचे आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात वाकून बघायचे.

"तेहतीस," आजोबा म्हणायचे. "लिही, बाळ. सगळी बरोबर!"