जागा राखणारा

माझं काम तसं सोपं. दुपारचे चार वाजले की वही काखेत घ्यायची, टोपी चढवायची आणि तळावरून एक फेरी मारून यायची. कोण आलं, कोण गेलं, कुठल्या गाडीत माणसं किती, एवढंच लिहायचं. शाळेत मी फार दिवस गेलो नाही, पण नाव आणि आकडा लिहिता येतो. अकरा हिवाळे तेवढ्यावर निभलेत.

आमचा हा घरगाड्यांचा तळ अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, नदीपासून तासाभराच्या वाटेवर. उत्तरेत बर्फ पडायला लागला की तिकडच्या घरगाड्या इथे उतरतात. म्हातारी माणसंच जास्त. काहींचं मागे घर असतं. काहींनी ते विकलेलं असतं, आणि चाकांवर मावेल तेवढाच संसार उरलेला असतो. दर साली दोन-चार जण असेही येतात की ज्यांचं घर विकायचं की नाही ते अजून ठरत नसतं. ते संध्याकाळी माझ्याकडे येतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग हळूच विचारतात, डेल्बर्ट, हे आम्हाला मानवेल का?

मी सांगतो, तीन आठवडे राहा. पाणी जपून वापरा. एखादा दिवस असा येईल की वारा सुटेल, दार उघडता येणार नाही, भांड्यात धूळ, अंथरुणात धूळ, आणि बोलायला कोणी नाही. त्या दिवशी स्वतःला विचारा. पलीकडची नेल्डा म्हणते, एवढं पुराण कशाला? भांडण झाल्यावर रुसून बसायला दुसरी खोली लागत नसेल, तर खुशाल घर विका. तिने त्या एका गाडीत तीन नवरे नांदवले. तिला बोलायचा हक्क आहे.

आर्डिसबाई जानेवारीत आल्या. नेब्रास्काच्या. सत्तरीला टेकलेल्या, ताठ, कमी बोलणाऱ्या. मधल्या आकाराची पांढरी घरगाडी स्वतः चालवत आल्या होत्या. त्यांनी सांगितलं की घराला गिऱ्हाईक आलंय, सहीसाठी महिन्याभराची मुदत मागून घेतलीय, तोवर बघायचंय जमतं का. मी म्हणालो, बघा की. ओढ्याच्या कोरड्या पात्राजवळची जागा दिली, तिथे वारा कमी लागतो.

आता इथली एक रीत सांगायला हवी. ज्याची गाडी तेच घर, त्याला चार-पाच दिवसांनी पाणी भरायला आणि मोरीची टाकी रिकामी करायला अख्खं घर घेऊन गावात जावं लागतं. मागे जागा राहावी म्हणून तो एक खुर्ची ठेवून जातो. खुर्ची आहे म्हणजे माणूस परत येणार. तिथे दुसरा कोणी गाडी लावत नाही. त्या खुर्चीला कोणी हातही लावत नाही, मग बसणं तर दूरच. एका वर्षी एक खुर्ची दीड महिना तशीच उभी होती. मालक इस्पितळात होता. वाऱ्याने पडली की आम्ही काठीने उभी करायचो.

आर्डिसबाई पहिल्यांदा गावात गेल्या, त्या दिवशी मी फेरीला निघालो. गाडी नव्हती. हिरव्या कापडाची खुर्ची होती, आणि खुर्चीत एक माणूस बसला होता.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाई पाण्याला गेल्या, नवरा मागे राहिला. पुष्कळ नवरे राहतात. तपकिरी टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा, बटणं मनगटापर्यंत लावलेली, दोन्ही तळवे गुडघ्यांवर. लांबट चेहरा, पांढऱ्या भुवया, एका कानाची पाळी फाटून जुळलेली. मी हात वर केला. त्याने गुडघ्यावरची दोन बोटं उचलली. मी वहीत लिहिलं, माणसं दोन.

दुसऱ्यांदा तसंच. मी तसाच पुढे गेलो, पण चार पावलं गेल्यावर लक्षात आलं की तळ गप्प झालाय. आमच्याकडे दिवसा कुठे ना कुठे वीज करायचं यंत्र घुरघुरत असतं, कोणाचा रेडिओ, कोणाचं कुत्रं. त्या जागेपाशी यातलं काही ऐकू येत नव्हतं. फक्त माझ्या बुटाखालची खडी वाजत होती. पुढच्या वळणावर सगळे आवाज परत आले. मला वाटलं, कान गेले. वयच आहे.

तिसऱ्या वेळी मी मुद्दाम जवळ गेलो. अकरा वर्षांत मला शेजार न आवडणारी माणसं भेटलीत, पण हा माणूस बाई असताना कधी दिसायचा नाही, याचं मला नवल वाटायला लागलं होतं. मी विचारलं, बाई कधीपर्यंत येतील? त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. रागाने नाही. दूरच्या नात्यातल्या पोराची ओळख पटते का म्हणून म्हातारी माणसं बघतात, तसं. बोलला नाही. आणि तेव्हा मला वास आला. पावसाची सर पडून गेली की इथल्या झुडपांतून एक ओला, कडवट वास उठतो. तोच. ऑक्टोबरपासून ढग दिसला नव्हता.

मी टोपीला हात लावला आणि निघालो. मागे वळून बघावंसं वाटलं नाही.

बुधवारी आर्डिसबाई तळावर राहायचा परवाना वाढवायला माझ्याकडे आल्या. तीन आठवडे संपले होते, आणि शुक्रवारी घराच्या कागदावर सही करायची की नाही ते कळवायचं होतं. मी कॉफी ओतली. वारा कालच होऊन गेला होता, दिवसभराचा. मी विचारलं, मग? म्हणाल्या, वाऱ्याचं काही वाटलं नाही, लहान जागेचं वाटलं नाही, एकटेपणाचंही नाही. अडलंय ते दुसरंच.  वही त्यांच्यापुढे होती, त्यांचं बोट आपल्या नावाच्या ओळीवर थांबलं.

"दोन का लिहिलंय?"

मी म्हणालो, "तुम्ही आणि तुमचे मालक."

"मी एकटीच आहे, डेल्बर्ट. हार्लनला जाऊन वर्ष झालं."

 मी जे पाहिलं होतं ते सांगितलं. तुम्ही गावात गेलात की तुमच्या खुर्चीत एकजण बसलेला असतो...

त्यांनी कप खाली ठेवला. घाबरल्या नाहीत. फक्त आवाज अगदी बारीक झाला.

"टोपी होती?"

"होती. तपकिरी."

"हार्लनची होती तशी..."

मग त्यांनी अडलेलं सांगितलं. तिकडे घरात रोज तिन्हीसांजेला पायरीची फळी वाजते. चाळीस वर्षं हार्लन गोठ्यातून येऊन तिथे बूट आपटायचा. तो गेला तरी फळी वाजते. आर्डिसबाई रोज त्या वेळी चुलीपाशी थांबतात, दिवा लावतात आणि ऐकतात. घर आता त्यांना झेपत नाही. छप्पर गळतं, लेक दूर, हिवाळ्यात दोन-दोन दिवस दाराबाहेर पडता येत नाही. पण विकलं तर त्या पायरीशी परकी माणसं असतील.

"मी नसले तर तो येईल कुठे?" त्या म्हणाल्या. "एवढंच मला कोणी सांगत नाही."

मी काही म्हणण्याआधीच त्या उठल्या. उशापाशी फोटो आहे, आणते म्हणाल्या. मी एकटाच बसलो. दारातून त्या जाताना दिसत होत्या, आणि सत्तरीची बाई पोरीसारखी भरभर चालत होती. तो वेळ मला फार लांब वाटला.

फोटो हातात दिला. मी चष्मा पुसला आणि पाहिलं.

गोल चेहऱ्याचा, जाड मानेचा, हसरा माणूस. भुवया विरळ. दोन्ही कान धड. मी ज्याला पाहिलं होतं तो हा नव्हता. त्याच्याशी ह्याचा काडीचा संबंध नव्हता.

मी मान वर केली. आर्डिसबाई टेबलाची कड धरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

"हाच," मी म्हणालो. "हाच बसतो."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "प्रवासाचा कंटाळा होता त्याला. तरी आला..."

शुक्रवारी त्यांनी होकार कळवला. नेल्डाने मक्याची पोळी भाजली, आम्ही तिघं उन्हात बसून खाल्ली. नेल्डा त्यांना म्हणाली, आता तुझं अंगण म्हणजे अख्खा देश, झाडत बस. आर्डिसबाई इतक्या हसल्या की ठसका लागला. महिन्याभरात त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, एका शब्दाने हे झालं असेल तर तो शब्द देव पदरात घेईल.

रविवारी त्या निघाल्या. खुर्चीची घडी करून आत ठेवली आणि चालवायच्या जागेशेजारच्या बैठकीवरचं सामान काढून ती मोकळी केली.

त्या दिवशी चार वाजता मी ओढ्याजवळ गेलो. मनाशी धरून होतो की तो माणूस ह्या जागेचा असेल. कोणी जुना, इथेच राहिलेला. तसा असता तर बरं झालं असतं. जागा रिकामी होती. यंत्रं घुरघुरत होती, नेल्डाचा रेडिओ स्वच्छ ऐकू येत होता. त्यानंतरही रोज जात राहिलो. तिथे कोणी नव्हतं. तो गेला होता, बाईंबरोबर.

जूनमध्ये पत्र आलं, ओरेगॉनच्या समुद्रकाठावरून. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून पायरीवर बसून सावकाश वाचलं. बाई आनंदात होत्या. लिहिलं होतं, तब्येत सुधारलीय, उंच झाडांखाली उतरलेय, रोज दोन मैल चालते. गावात जाऊन आले की खुर्चीचं कापड ऊबदार लागतं. आता घाईने परतत नाही, त्याला बसू देते. एवढं मी दोनदा वाचलं आणि बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. मग पान उलटलं. मागे चार ओळी होत्या.

"परवा तो पहिल्यांदा बोलला. आवाज बदललाय, पण इतक्या दिवसांनी बदलणारच. तुमच्यासाठी निरोप आहे असं वाटतं, कारण तळाचं नाव घेतलं. म्हणाला, पीवीला सांग, तो खोटं बोलला पण मायेने बोलला, माझा राग नाही. पीवी कोण, डेल्बर्ट? तुमच्या तळावर त्या नावाचं कोणी मला आठवत नाही."

माझी आई मला पीवी म्हणायची, म्हणजे चिमुकला. ओक्लाहोमात, कापसाच्या शेतात, मी कमरेएवढा असताना. ती गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. त्यानंतर ते नाव कोणी घेतलं नाही, आणि मी कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

पत्राचं उत्तर अजून लिहिलेलं नाही. कागद काढतो, 'आर्डिसबाई' एवढं लिहितो, आणि मग वाटतं, त्या वाचत असताना शेजारी बसून तोही वाचेल.