वळण नंबर चार

"चार नंबर, ऐकू येतंय का? की झोपलात?"

मी दचकले. हातातल्या वॉकीटॉकीतून आलेला आवाज अनोळखी होता. जरासा खरखरीत... आणि हसरा.

"ऐकू येतंय. आपण कोण?"

"पाच नंबर. तुमच्या पुढच्याच वळणावर आहे. मधे टेकडी आली, म्हणून दर्शन नाही."

कात्रजच्या पलीकडे माळरानावर रॅलीच्या गाड्यांचा महोत्सव होता. सकाळी जुन्या गाड्या, दुपारी नव्या. प्रत्येक वळणावर पिवळा झेंडा घेतलेला एकेक स्वयंसेवक. गाडी माझ्यापुढून गेली की मी पाच नंबरला कळवायचं, त्यानं 'मिळाली' म्हणायचं. एवढंच काम. गाड्यांची हौस म्हणून मी आले नव्हते. थोरल्या बहिणीच्या, बिलकिसआपाच्या बाळंतपणाला अम्मी नाशिकला गेली ती तिकडेच रमली, आणि रविवारी रिकामं घर मला खायला उठतं. आठवडाभर खराडीच्या ऑफिसात हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकते. इतकी माणसं बोलतात, पण 'जरीना, तू कशी आहेस?' असं कुणी विचारत नाही. विचारतील तरी कशाला म्हणा!

"पांढरी फियाट सोडली," मी कळवलं.

"मिळाली. आजोबा चालवतायत. मला बघून हात हलवला त्यांनी."

"मलाही हलवला होता."

"म्हणजे आजोबा रंगेल आहेत!"

त्या ओसाड माळावर मी एकटीच खळखळून हसले. किती दिवसांनी...

लाल गाडी गेली, बिनटपाची जीप गेली. एकेका गाडीबरोबर थोडं थोडं बोलणं पलीकडे जात राहिलं. त्याचं नाव हमीद. बुधवार पेठेत दुकान. हे सगळे वॉकीटॉकी त्याच्याच दुकानातले.

"जेवलात?" दुपारी त्यानं विचारलं.

"डबा आहे. पण एकटीला घास उतरत नाही," मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

"उघडा डबा. मीही उघडतो. काय आणलंय?"

"शेवग्याची भाजी."

"माझा खिमा. घ्या, वाढला—"

"चार आणि पाच!" मधेच तिसरा आवाज आला. कंट्रोल रूममधल्या श्यामलाताई, निवृत्त मुख्याध्यापिका. "हे यंत्र सगळ्या टेकडीला ऐकू जातं. जेवणावळी घरी घालाव्यात."

माझे कान तापले. त्यानंतर हमीद नुसतं 'मिळाली' म्हणू लागला.

दुपारच्या नव्या गाड्या खडे उडवत सुसाट जायच्या. हेल्मेटमधले चेहरे दिसायचे नाहीत, हात कुणी हलवायचं नाही. धूळ खाली बसली की माळ आणखीच मोकळा वाटायचा. मी त्याच्या त्या एका शब्दात काहीतरी जास्तीचं शोधत राहिले. सापडलं नाही.

"शेवटची गाडी गेली," संध्याकाळी श्यामलाताई म्हणाल्या. "एक ते चारना न्यायला वरच्या फाटकाची जीप येईल, पाचपासून पुढे खालच्या फाटकाची. सगळे ठीक?"

म्हणजे आम्ही भेटणारच नव्हतो! घरी जाऊन कुलूप उघडायचं, आणि पुन्हा तीच शांतता.

"एक, ठीक." "दोन, ठीक." "तीन, ठीक."

"चार..." मी बटण दाबून धरलं. "ठीक नाही."

"काय झालं? लागलंय का कुठे?"

"नाही. पाच नंबर मला आवडलाय... आणि तो खालच्या जीपनं जाणार."

नुसती खरखर. हमीद बोलेना.

"पाच नंबर, उत्तर द्या," श्यामलाताई.

पुन्हा खरखर. सगळ्या टेकडीनं ऐकलं होतं, आणि ज्यानं ऐकायचं तोच गप्प होता. इतकी एकटी मी घरातही कधी नव्हते.

"सहा नंबर बोलतोय," कुणीतरी म्हणालं. "पाच नंबर झेंडा टाकून टेकडी चढतोय. पळतच."

"झेंडा टाकून? बेशिस्त!" श्यामलाताई म्हणाल्या. आणि पाठोपाठ, "वरची जीप चार नंबरला सर्वांत शेवटी जाईल."

टेकडीवरून तो घसरत, धडपडत उतरला. आवाजावरून वाटला होता त्याहून बुटका, भुवयांपर्यंत धुळीनं माखलेला. माझ्यापुढे धापा टाकत उभा राहिला. मी खाली बघत राहिले.

"सगळ्या टेकडीसमोर बोललात... आणि आता गप्प?"

"समोर माणूस असला की... बोलायची सवयच राहिली नाही."

"मग पुन्हा टेकडीपलीकडे जाऊन उभा राहू?"

"नको," मी त्याची बाही घट्ट धरली. "आता कुठेही जाऊ नका."