तिसऱ्या डब्याची झडप

५८ अंश.

बडोद्यात मांजलपूरच्या पुढे, कुंपणाच्या आत, चार लोखंडी डबे. प्रत्येकात सर्व्हरची कपाटं. तिसऱ्यातली सगळी मेलेली. आतून जळक्या प्लास्टिकचा दर्प. बाहेरच्या हवेची झडप सताड उघडी. गारवा देणारा चिलर नुकताच पुन्हा लावलेला, दारावरच्या तापमापकाचा आकडा उतरत होता.

विमा कंपनीची तपासनीस प्रतिमा मोहिते अजून उंबऱ्यातच होती.

"नोंद वाचा, सही करा, निघा," व्यवस्थापक अनिश दाते म्हणाला. आठ दिवसांपूर्वी पुण्याहून आलेला. "सहाला पोलीस येतायत. ऑपरेटरला घेऊन जातील."

संगणकातली नोंद, ऑपरेटर माधव शिर्केच्या नावाने:

दु. १:४०. झडप वासली. चिलर बंद.

थंडीत झडप उघडून बाहेरची हवा घेतात आणि चिलर थांबवतात. वीज वाचते. पण हा मे महिना होता. बाहेर ४४.

"या उन्हात कोण झडप उघडेल?"

"हाच. बडोद्याचा शहाणा."

फाटकावरच्या वहीत १:४० ला आत तिघेच: अनिश, माधव आणि इलेक्ट्रिशियन यशराज.

५१ अंश.

यशराज.

— माधवशी वैर?

— आहे. माझी तक्रार केली होती त्यानं. सडू दे आत.

— तुम्ही कुठे होता?

— जनरेटरपाशी. कोणी बघितलं नाही. लिहून घ्या.

— आज काही वेगळं?

— दोनला मुख्य कार्यालयाचे लोक यायचे होते. विजेचा आकडा खाली दिसायला हवा म्हणून साहेब सकाळपासून भुंकत होते.

४६ अंश.

माधव.

— १:४० ला?

— जेवत होतो, ताई. लिंबाखाली. एकटाच.

— संगणक?

— माझ्या नावानं उघडाच असतो ने. चिलर थांबवायचा तर नोंद करावीच लागते, मग कोणीही बसतो.

अनिश अर्ध्या उघड्या दारात उभा राहून ऐकत होता.

"साहेब, दार वासा ने," माधव म्हणाला.

अनिशने दार भिंतीवर आपटेपर्यंत ढकललं. "घे. ऐकू दे सगळ्यांना."

माधव त्याच्याकडे बघतच राहिला. प्रतिमाने उठून दार लावून घेतलं. मग जुन्या नोंदी काढल्या.

काल, स. ८:०५. झडप वासली. चिलर चालू.
परवा, स. ८:१०. झडप वासली. चिलर चालू.

४१ अंश.

तिने तिघांना समोर उभं केलं.

"यशराज, घर कुठे?"

"दांडिया बाजार. तिसरी पिढी."

"माधव?"

"तिथंच."

"मीही तिथलीच. दाते, पुण्यात तोंड वासतात, म्हणजे उघडतात. बडोद्यात आम्ही दार वासतो, म्हणजे बंद करतो. गुजरातीतून आलाय शब्द. माधव रोज सकाळी झडप बंद करतो आणि चिलर लावतो. आजची नोंद त्यानं लिहिली असती, किंवा यशराजनं, तर अर्थ काय झाला असता? झडप बंद, चिलरही बंद. पण झडप उघडी आहे. 'वासली' म्हणजे उघडली, असं समजणाऱ्यानं ती नोंद केली. माधवचा शब्द उचलला, अर्थ पुण्याचा लावला."

"एका शब्दावर?"

"मगाशी माधव 'दार वासा' म्हणाला, तर तुम्ही ते सताड उघडलंत. आणि विजेचा कमी आकडा कोणाला हवा होता? पाहुण्यांना दाखवायला तुम्ही दीड तास चिलर बंद ठेवलात."

"दीड तास कसला? वीस मिनिटंच ठेवणार होतो. ते चहाला बसले आणि—"



यशराज हसला. चांगलं हसू नव्हतं ते.

फाटकावर पोलिसांची जीप लागली. माधव अनिशच्या अगदी जवळ गेला.

"परवा तुम्ही विचारलंत, वासली म्हणजे काय. मी सांगायला तोंड उघडलं, तर म्हणालात, मला मराठी शिकवू नकोस."