दोन पेल्यांवरचं पाणी

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात कोरेगावच्या रंगूबाईला मिरजेच्या एका दवाखान्यात आणलं. मुतखड्यावर पाणी चांगलं असं कुणीसं सांगितलं, तर म्हातारीनं कळशीच तोंडाला लावली; जोडीला रक्तदाबापायी मीठही सोडलं. व्हायचं तेच झालं. ती बरळायला लागली, ओळख विसरायला लागली. डॉक्टरांनी सुनेला, रेश्माला, बजावलं, "रक्तातलं मीठ पार खाली गेलंय. दिवसाला दोनच पेले पाणी. जास्त दिलंत तर मेंदूला सूज येईल, माणूस हाती लागायचं नाही."

एवढं सोपं असतं होय! बायकांच्या त्या वॉर्डात आल्यागेल्यानं पेशंटला घोटभर पाणी पाजायची रीत. त्यात रंगूबाई घसा कोरडा पडला म्हणून दिवसभर टाहो फोडायची. समोरच्या खाटेवरची अंबूबाई तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की तहानेल्या सासूला पाणी नाकारणारी सून आपण पहिल्यांदाच बघतोय. रेश्माला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण तिनं पाजलं नाही.

तरी मीठ उतरतच गेलं. डॉक्टर तिच्यावर डाफरले. दुपारी ती औषधं घेऊन आली की सासूची हनुवटी ओली, उशी ओली. अन् वॉर्डातल्या बायका एकाएकी गोड वागायला लागल्या. कुणी बसायला सतरंजी दिली, कुणी डब्यातली भाजी पुढं केली. रेश्मानं मुकाट्यानं खाल्ली. बरं वाटलं तिला, आणि त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली.

एका दुपारी औषधाच्या दुकानातून परतली तर खाटेभोवती गर्दी. रंगूबाईला आकडीचा झटका येऊन गेला होता. रेश्माचा नवरा नाथाजी नुकताच गावाहून पोचलेला. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुणी दिलं?

अंबूबाई कौतुकानं म्हणाली, "आवं, ह्या सुनंनंच की. आत्ताच पेलाभर पाजलं. लय मायेनं, डोकं मांडीवर घिऊन."

नाथाजीनं बायकोकडं पाहिलं.

म्या न्हाई दिलं, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं. सगळ्या बायका तिच्याकडं बघून हसत होत्या, मायेनं.

रंगूबाईनं डोळे उघडले. रेश्मा वाकली. "आत्ती, मी रेश्मा हाय."

म्हातारीनं तिला हातानं बाजूला सारलं. तिच्या खांद्यावरून मागं बघत म्हणाली, "रेश्मा, आण गं बाई पाणी."

मागं पेल्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, आणि रेश्माच्याच आवाजात कुणी म्हणालं, "आले, आत्ती."

नाथाजी जरा बाजूला सरकला, वाट द्यायला.