उपाशी पेशी

ओजस मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या पेशींना जेवायला घालताना. हातात पिपेट, चेहऱ्यावर पुण्य कमावल्याचं समाधान!

"अरे देवा, मेले मी..." माझ्या तोंडून थेट जळगावचं मराठी निघालं.

"मराठी?" तो चमकला. "सॉरी यार... या तुझ्या प्लेट्स? सुकलेल्या दिसल्या बिचाऱ्या. वाटलं, कुणी तरी सीरम घालायला विसरलं."

"विसरले नव्हते. मुद्दाम उपाशी ठेवल्या होत्या!"

शेजारच्या लॅबमधला, नवा. आजवर नुसते जीवाणू वाढवलेला. त्याला काय सांगणार? भरल्या पोटी पेशीला सीरममधून, म्हणजे तिच्या खाण्यातूनच, शंभर संदेश आधीच मिळालेले असतात. मग माझ्या एका हाकेला ती कशाला ओ देईल? म्हणून तिला आदल्या दिवशी उपाशी ठेवायचं, शांत करायचं, आणि मगच हाक मारायची. शुक्रवारपर्यंत हा प्रयोग जमला नाही, तर गाईड पेपरमधून माझा भाग काढणार होते. पाच वर्षं पाण्यात. आणि झाकणावर 'उपाशी' लिहायला मीच विसरले होते, त्यामुळे धड भांडताही येईना.

मोहालीवरचं धुकं दुपारीही विरलं नव्हतं. बाहेरच्या बाकावर त्याने डबा उघडला. मेथीची थालीपिठं, त्याच्या आईच्या हातची. वडिलांची एअर फोर्सची नोकरी इकडची, म्हणून तो इथेच वाढलेला.

"त्यांना खायला घालून चूक केली. तुला तरी घालू दे."

त्याच्या पापण्यांवर धुक्याचे थेंब होते. छान दिसत होता. पण छान वाटून घ्यायलाही ताकद लागते, आणि मी फार दमले होते.

"गाईड, आई, आईने शोधलेली स्थळं... रोज सगळे काही तरी सांगतात," मी म्हटलं. "सारखा मारा झाला की पेशी आपले रिसेप्टर आत ओढून घेते. मग संदेश झेलायला कुणी उरतच नाही. माझं तसं झालंय."

"परत येतात ते?"

"संदेश थांबले तर. पेशींचे काही तासांत."

"आणि तुझे?"

"माहीत नाही."

"ठीक आहे," तो हसला. "मग मी गप्प बसतो."

आणि खरंच बसला. मेसेज नाही, फोन नाही. मंगळवारी मी नव्या प्लेट्स उपाशी ठेवल्या, झाकणांवर ठळक लिहिलं. शुक्रवारी प्रयोगाच्या निकालाच्या फिल्मवर काळ्याभोर पट्ट्या उमटल्या. पेशींनी ओ दिली होती!

मी फोन पाहिला. आईचे चार मेसेज. ओजसचा एकही नाही... आणि मला चक्क वाईट वाटलं. कशाचं तरी वाईट वाटतंय, याचाच आनंद झाला.

मी तडक त्याच्या लॅबमध्ये गेले.

"आले," मी म्हटलं.

"रिझल्ट?"

"तोही आला... आणि रिसेप्टरही."

त्याचे कान लाल झाले. "मग बोलू?"

"बोल ना."

"ईश्वरी, तू मला आवडतेस. पक्का. आणि—"

"आणि?"

"जेवलीस?"

मी मान हलवून नाही म्हटलं, आणि रडायलाच लागले. किती तरी महिन्यांनी मला कडकडून भूक लागली होती.